काकडी कोवळी होती

काकडी तुटली तेव्हा कुणी बोटं मोडावीत तसा आवाज झाला. प्रयोगशाळेत त्या वेळी ती एकटीच होती आणि तिनं बोटं मोडलेली नव्हती, तरी तिनं आधी आपल्या हाताकडे पाहिलं. पाचही जागच्या जागी होती. मग तिनं दाराकडे पाहिलं. दार ओठ घट्ट मिटून शहाण्या मुलासारखं उभं होतं, आणि काकडीचा अलीकडचा अर्धा भाग गडगडत तिच्या चपलेपाशी येऊन थांबला होता. पलीकडचा अर्धा पलीकडे. बोर्डावरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकून गेला होता, तो तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. हिरवा दिवा म्हणजे पोच. दारात काहीतरी आलंय अशी बातमी चिपला मिळाली, चिपनं 'मिळाली' म्हणून कळवलं, आणि मग दार बंद केलं. ती खाली वाकली, तुकडा उचलला. गार होता, ओला होता, आणि हातात धरल्यावर मनगटाएवढाच जाड वाटला. तिला राग आला. तो इतका मोठा होता की अर्ध्या काकडीच्या मानानं शोभेना. पण राग काही कपडे नव्हेत, मापाचा घालायला.

प्रयोगशाळेत काकडी असण्यामागे शास्त्र होतं. कंपनी चिप बनवत होती आणि लिफ्ट बनवणारी एक दुसरी कंपनी ती चिप आपल्या दारांना बसवणार होती. त्यासाठी त्यांनी एक दार पाठवून दिलं होतं: उंचीला निम्मं, पण मोटर खरी, ताकद खरी, कडेचं काळं रबर खरं. दारात कुणाचा हात आला तर प्रकाशाची तिरीप अडते, चिपला कळतं, दार माघारी जातं. हे तपासायला हात हवा, आणि स्वतःचा हात घालायची कंपनीत कुणाची तयारी नव्हती. सुरुवातीला कुणीतरी गाजर आणलं, पण गाजर फारच बाणेदार निघालं, त्यानं रबरच फाडलं. केळ्याला कणाच नव्हता. काकडी तेवढी माणसासारखी होती, वरून ताठ आणि आतून पाणी. तपासणी संपली की ती मीठ लावून खायची पद्धत पडली, त्यामुळे दार तपासायला माणसं कधी कमी पडली नाहीत. आणि आजवर एकही काकडी तुटली नव्हती.

"कोवळी असेल," सर म्हणाले. ते तिच्या विभागाचे मोठे साहेब. त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले होते, जणू ते नीट बसले असते तर प्रश्नच मिटला असता.

"काय कोवळी असेल?"

"काकडी गं. जून बघून घ्यायची."

"सर, दार थांबलं नाही. हिरवा दिवा लागला आणि दार थांबलं नाही."

"उद्या लिफ्टवाले येतायत," सर म्हणाले. "उद्या जून आणा." आणि जाता जाता, दारातून वळून, प्रेमानं: "पाल चुकचुकली वाटतं."

पाल म्हणजे ती. ऑफिसात तिला सगळे पालच म्हणत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका हुडकणं हा तिचा धंदा होता, आणि शंकेची पाल चुकचुकते ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक. कुणीतरी एकदा हसत म्हटलं आणि ते चिकटलं, पाल चिकटावी तसंच. पहिल्या वर्षी तिनंही हसून साजरं केलं. पुढं कधीतरी भिंतीवरची खरी पाल दिसली की तिच्याविषयी तिला एक व्यावसायिक आदर वाटू लागला. ती बिचारी चुकचुकते, लोक म्हणतात हं, आणि मग ज्याला जे करायचं ते तो करतो. सरांच्या मागोमाग तिचा नवराही आला होता. तोही इथलाच. चिपच्या गाभ्यातला नेमका तो भाग, जो बाहेरच्या हाका ऐकतो आणि त्यांना पोच देतो, तो त्यानंच घडवलेला. त्यानं काकडी पाहिली. मग टेबलावर गुंडाळून ठेवलेली डीबगची, म्हणजे चिपच्या आत डोकावायची, केबल पाहिली. तपासताना ती कायम बोर्डाला लावलेली असायची. आज तिनं दुसऱ्या कामासाठी काढली होती. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं."

हा 'हं' तिला अंतर्बाह्य पाठ होता. त्याचे अनेक प्रकार होते. गॅस संपलाय, हं. मला इथं घुसमटायला होतं, हं. आपण वेगळं घर बघू या का, हं. लग्नाआधी या 'हं'वरच तर ती भाळली होती. बाकीची मुलं तोंड उघडायची ती बंदच करायची नाहीत, हा तेवढा ऐकायचा. पावसाळ्यातल्या बसच्या वाफ धरलेल्या काचेवर त्यानं एकदा बोटानं तिला दोन तारा काढून दाखवल्या होत्या. ही बघ, ही इंटरप्टची तार. बाहेर काही घडलं की ही वर जाते, म्हणजे हाक. गाभा हातातलं काम टाकतो, ही दुसरी तार वर करतो; म्हणजे पोच. पोच मिळाली की हाक मारणारा गप्प बसतो, त्याची तार खाली येते, आणि गाभा त्याच्या कामाला धावतो. बघ, किती सभ्यपणा. तिनं पाहिलं होतं ते त्याचं बोट. किती सरळ रेघ काढतो हा, एवढंच तेव्हा मनात आलं होतं, आणि तेवढ्यावर लग्न केलं होतं. लोक याहून कमी गोष्टींवर करतात. काचेवरच्या रेघांना मग ओघळ आले, पोचेची तार हाकेत मिसळली, स्टॉप आला. नवऱ्याचा भाग बायकोनं तपासायचा नाही असा कंपनीचा नियम होता, म्हणून त्याचं काम दुसऱ्या कुणी तपासलं. ती केबल लावून. नेहमी केबल लावून.

दुपारभर ती संगणकासमोर बसली आणि तिनं केबल नसलेल्या चिपचं सोंग संगणकाकडून वठवून घेतलं. वातानुकूलित खोलीत तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. चिपला आणखी एक पिन होती, डीबगची. ती वर गेली की गाभ्यानं जिथल्या तिथं थांबायचं, म्हणजे बाहेरच्या इंजिनिअरला आत डोकावून बघता येतं. केबल लावलेली असली की ही पिन केबलच खाली धरून ठेवते, गुणी बाळ. केबल काढली की ती हवेत, कशालाच न जोडलेली. आणि हवेतली पिन म्हणजे एरियल. शेजारी लिफ्टची मोटर धडधडून सुरू झाली की ती मधूनच दचकून वर जाते, क्षणभर. तिनं तो क्षण हाकेच्या क्षणावर नेऊन बसवला. एकदा, परत एकदा, थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. आणि मग तो बरोबर बसला. पडद्यावर हाकेची तार वर गेली. गाभ्यानं पोच दिली. त्याच ठोक्याला पिन म्हणाली थांब, तुला बघायला आलेत, गाभा थांबला, बघायला कुणीच आलेलं नव्हतं, गाभा पुन्हा सुरू झाला आणि आपण कशाला निघालो होतो ते विसरला. हाक मारणारा तोवर पोच घेऊन गप्प बसलेला. दार बंद. हजारो वेळा बरोबर आणि कधीतरी एकदा असं. पडद्यावर किती निरुपद्रवी दिसत होतं ते, चार सरळ रेघा, आणि रेघा किती सरळ!

आई न्हाणीघरात पडली तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आईनं हाक मारली होती. बाबांनी ओ दिली होती, आलो, आलो. ती स्वतः शाळेत होती. घरी आली तेव्हा बाबा पेपरच वाचत होते आणि आई आतल्या ओल्या फरशीवर, भिंतीला टेकून, शांत बसली होती. पाय विचित्र वळलेला. पुढे कितीतरी महिने पाय उशीवर ठेवून आई पडून राहिली, शेजारच्या बायका भेटायला यायच्या, आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारायचं, अहो, मग पुन्हा हाक नाही का मारायची? आई त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं बघायची. "आलो म्हणाले होते ना. मग परत काय मारायची?" बाबांचंही खोटं नव्हतं. ते येणारच होते. वाचत होते ती ओळ संपली की उठणारच होते. त्यांना ऐकू आलं नसतं, ते झोपलेले असते, बहिरे असते तर आई ओरडत राहिली असती, शेजारच्यांनी दार ठोठावलं असतं, कुणीतरी धावलं असतं. 'आलो' या दोन अक्षरांनी सगळ्यांना गप्प केलं. न आलेल्या माणसाचा राग येतो आणि जातो. 'आलो' म्हणून न आलेल्याचा राग हाडात शिरतो आणि पावसाळी हवेत ठणकतो. आई पुढे चालू लागली, एक पाय किंचित ओढत, आणि बाबांना हाक मारणं तिनं सोडून दिलं. बाबांना वाटलं, बायको आता समजूतदार झाली.

संध्याकाळी घरी तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. हे काम तो न सांगता करायचा आणि फार सुरेख करायचा. त्याच्यावर धड रागावताही येऊ नये याची त्यानं अशी ठिकठिकाणी तजवीज करून ठेवली होती.

"डीबगची पिन हवेत आहे," ती म्हणाली.

"हं."

"हं नको. ऐक. लिफ्टवाल्यांनी त्यांच्या बोर्डावर ती कशालाच जोडलेली नाही. त्याच ठोक्याला हाक आली तर तुझा गाभा पोच देऊन विसरतो. मी करून बघितलं."

त्यानं एका टॉवेलची चौघडी केली. तिच्या कडा जुळवल्या. "माहितीये मला," तो म्हणाला.

तिला वाटलं आपण पलंगावर बसावं; मग दिसलं की आपण केव्हाच बसलोय, त्याच्या घडी घातलेल्या शर्टांवर.

"केव्हापासून?"

"चिप बनून आली तेव्हाच लक्षात आलं होतं. पण म्हटलं, ती पिन कोण हवेत ठेवेल? एक बारकासा रेझिस्टर लावून ग्राउंडला जोडायची असते. वाटलं, जोडेल कुणीतरी."

"कुणीतरी."

"उठ जरा, शर्ट चुरगळतायत."

कुणीतरी! या गृहस्थाला तिनं आजवर पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या कामाचा आवाका जबरदस्त होता. कंपनीतलं निम्मं काम तोच करायचा. सर्व्हर बंद पडला, कुणीतरी बघेल. लिफ्टवाल्यांना सांगायला हवं, सांगितलं असेल कुणीतरी. लिफ्टवाल्यांकडेही एक कुणीतरी असणार, त्याला वाटलं असणार की चिपवाल्यांच्या कुणीतरीनं पिन आतूनच बांधलीय. दोन्ही कुणीतरी कधी एकमेकांना भेटले नाहीत. एवढ्या कर्तबगार माणसाला साधं टेबल नाही, खुर्ची नाही, वाढदिवसाला कुणी केक आणत नाही, आणि उद्या एखाद्या दारात एखादा हात सापडला की पहिला तोच सापडायचा नाही. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग आला.

"तू उद्या सांग त्यांना," ती म्हणाली.

"उद्या कसं सांगणार? बोर्ड छापून तयार आहेत त्यांचे. सगळे परत करावे लागतील. सर मला उभा जाळतील. अगं, हजारात कधीतरी होणारी गोष्ट आहे ती."

"लिफ्टचं दार दिवसातून किती वेळा मिटतं?"

त्यानं मोजा उचलला, जोडीदार शोधला. "बघू," तो म्हणाला. "योग्य वेळ बघून बोलतो मी सरांशी. नक्की." आणि 'नक्की' म्हणताना त्यानं मान अशी हलवली की दुसरी कुणी असती तर तिथंच गप्प बसली असती. तीही बसली. बसलेलीच होती. पण आतमध्ये काहीतरी वर गेलेलं होतं ते खाली येईना, रात्री कूस बदलली तरी येईना, सकाळी तोंडावर गार पाणी मारलं तरी येईना.

सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये दार मिटत आलेलं असताना एक बाई धावत आली आणि तिनं न बघता, फोनवर बोलत बोलतच, फटीत हात घातला. दार थबकलं, माघारी गेलं. बाई आत आली आणि कुणाला तरी सांगत राहिली की पडदे निळेच घे. मग एका माणसानं छत्री घातली, एकानं पाय. ती कोपऱ्यात उभी राहून त्या हातांकडे बघत होती. बांगडीचा हात, घड्याळाचा, शाई लागलेला, नखं खाल्लेला. किती बेफिकीर असतात माणसं. ओळखपाळख नसलेल्या दारावर एवढा विश्वास, आणि घरच्या माणसानं दुधाचा हिशेब सांगितला तर दोनदा विचारतात. तिला त्या सगळ्यांवरही राग आला. वेड्यांनो, ती ओरडणार होती, कुणाच्या जिवावर हात घालता? पण तिला उत्तर माहीत होतं आणि ते उत्तर तिच्या शेजारी, ताज्या इस्त्रीच्या शर्टात, मजल्यांचे आकडे बदलताना बघत उभं होतं.

लिफ्टवाल्यांकडून एकच माणूस आला. डोक्यावर पांढरे केस, रुंद पंजे, बोलणं कमी. आपल्या कंपनीतला दारांचा सगळ्यात जुना माणूस, असं त्यानं स्वतःविषयी सांगितलं आणि सगळे त्याला पहिल्या चहालाच काका म्हणू लागले. बैठकीच्या खोलीत ते निम्म्या उंचीचं दार आणून उभं केलं होतं. टेबलावर बशीत जून काकड्या होत्या, हिरव्यागार, निवडून आणलेल्या. एखाद्या लग्नातल्या वरपक्षासारख्या रुबाबात पडलेल्या. सरांनी खिडकीचे पडदे सारखे केले आणि चिपची थोरवी सांगितली. मग काकडी घातली. दार आलं, दिवा लागला, दार माघारी गेलं. पुन्हा घातली, पुन्हा गेलं. केबल नव्हती, तरीही गेलं. जाणारच होतं. ती टेबलाच्या टोकाला बसून नवऱ्याकडे बघत होती. योग्य वेळा त्याच्या समोरून एकेक करून जात होत्या आणि तो पेन्सिलीला टोक काढत होता.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली.

"प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ," सर म्हणाले.

"काका, काल याच दारानं काकडी तोडली. डीबगची पिन तुमच्या बोर्डावर हवेत आहे. मोटरच्या गोंधळानं ती कधीकधी वर जाते, आणि नेमकी तेव्हाच दारात हाताची खबर आली, तर चिप खबर मिळाल्याचं सांगते आणि दार बंद करते. पिन ग्राउंडला जोडा. एवढंच."

सर हसले. ते हसू त्यांनी सगळीकडे थोडं थोडं वाटलं. "हिला आम्ही पाल म्हणतो," ते काकांना म्हणाले. "फार काटेकोर. काकडी कोवळी होती हो. मी स्वतः पाहिली."

काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हा भाग कुणी बनवलाय?"

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पेन्सिलीचं टोक आता सुईसारखं झालं होतं.

"ताई म्हणतात ते खरं आहे का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं बशीतल्या काकड्यांकडे पाहिलं. सांग, ती मनात म्हणाली, आणि मी तुझे सगळे 'हं' माफ करीन, गॅसचा, घराचा, सगळे.

"तसं काही नाहीये," तो म्हणाला. "सिम्युलेशनमध्ये काहीही घडवता येतं."

किती मऊ आवाजात म्हणाला. घड्या घालायच्या आवाजात. तिच्या कानात काहीतरी भरून आलं आणि मधली काही वाक्यं ऐकूच आली नाहीत. नंतर काका बोलताना दिसले. "...आमच्याकडे रीत आहे. काकडीबिकडी तुमची ठीक. पण दार पास करण्याआधी, ज्यानं डोकं बनवलं त्याचा हात दारात. मी चाळीस वर्षं बघतोय, यासारखी तपासणी नाही. काकडीची घरी कुणी वाट बघत नसतं."

सर म्हणाले, "वा! काय रीत आहे!" आणि स्वतःचे दोन्ही हात खिशात घातले.

नवरा उठला. शांतपणे उठला. दारापाशी गेला, खाली वाकला आणि बोर्डाला केबल लावली. "जरा नोंदींचा लॉग घेऊन ठेवतो," तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. मग त्यानं शर्टाची बाही दुमडली, तीन सारख्या घड्या, आणि डावा हात दारात धरला. काकांनी बटण दाबलं. दार आलं, दिवा लागला, दार माघारी गेलं. पुन्हा. पुन्हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही खिशातून हात काढून वाजवल्या. तो बाही सोडत तिच्याकडे बघून किंचित हसला, म्हणजे बघ, उगाच घाबरतेस. आणि त्या खोलीत त्या केबलचा अर्थ कळणारी दोनच माणसं होती आणि ती एकमेकांशी लग्न करून बसली होती.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. त्या कुणीतरीनंही ती उचलली नाही. ती दाराशी गेली, वाकली आणि केबल ओढून काढली.

"अगं, लॉग..." तो म्हणाला.

"लॉग नको." तिनं बाही वर सारली आणि उजवा हात दारात घातला. "काका, दाबा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. मोटर गुरगुरली. दारापुढची हवा आधी येते हे तिला माहीत नव्हतं. मनगटावरची लव हलली, मग काळं रबर आलं, मग हिरवा दिवा, आणि दार थबकून माघारी गेलं.

"परत."

दार आलं, गेलं.

"परत."

"झालं की," सर म्हणाले. "सिद्ध झालं. तूच सिद्ध केलंस. बस आता, चहा घेऊ."

"परत. मी सांगेपर्यंत दाबत राहा, काका."

पहिल्यांदा लोक गंमत म्हणून बघत होते. मग कुणीतरी फोन खाली ठेवला. मग खोलीत फक्त मोटर उरली, येणारी आणि जाणारी, श्वासासारखी. तिला वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. पण रागानं आतली सगळी जागा व्यापली होती आणि भीतीला टेकायला स्टूलही शिल्लक नव्हतं. ती दाराकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो दिव्याकडे बघत होता. दार मिटायला निघालं की त्याचे ओठ हलत. आधी तिला वाटलं, देवाचं नाव घेतोय. मग कळलं, तो गणित करतोय. हजारात कधीतरी, असं तो तिला घरी म्हणाला होता, पण त्याच्यापाशी 'कधीतरी' नव्हतं. त्याच्यापाशी आकडा होता. कधीच काढून ठेवला होता त्यानं, नेटका, घडी घालून. आणि मोटर जितक्यांदा गुरगुरत होती तितकं त्या आकड्याचं ओझं त्याच्या चेहऱ्यावर चढत होतं. कपाळ चकाकू लागलं. वरचा ओठ ओला झाला. म्हणजे माझ्या हाताचा भावसुद्धा काढलेला आहे याच्याकडे, तिला वाटलं, आणि राग एकदम थंड, गुळगुळीत, जवळजवळ आरामशीर झाला. त्यात टेकून उभं राहता येत होतं.

"परत," ती म्हणाली.

काकांचा अंगठा खाली गेला. हवा आली.

"थांबवा!"

तो एवढ्या मोठ्यानं ओरडू शकतो हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तो भिंतीकडे धावला, वाटेत सरांना धक्का बसला, बशी पडली, काकड्या टेबलाखाली गडगडत गेल्या. त्यानं प्लग उपसून काढला. मोटर मध्येच बंद पडली. दार होतं तिथं अडलं, दोन्ही बाजूंचं रबर तिच्या मनगटाला टेकून. हिरवा दिवा लागलेला होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"का हो?" काकांनी विचारलं. त्यांचा अंगठा अजून बटणावर होता. "चालत होतं की."

तो प्लग हातात धरून उभा होता. धापा टाकत होता.

"मला वाटतं व्होल्टेजचा काहीतरी..." सरांनी सुरुवात केली.

"तुम्हाला नाही विचारलं," काका म्हणाले.

"बरं, बरं, आधी हिचा हात तरी सोडवू या." सर पुढे झाले, आणखी दोघं उठले, दाराच्या फळ्यांना धरून ओढायला लागणार एवढ्यात ती म्हणाली, "दाराला कुणी हात लावायचा नाही."

"अगं पण अडकलाय तो..."

"अडकू दे. दुखत नाहीये. काकांनी त्याला काहीतरी विचारलंय. आधी ते."

दोघं जागच्या जागी थांबले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग तो आला, काकांच्या समोरची खुर्ची ओढली, बसला, आणि प्लग त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. लांब काळी वायर त्याच्या मांडीवरून खाली लोंबत राहिली.

"ती पिनेबद्दल म्हणाली ते खरं आहे," तो म्हणाला. "मला आधीपासून माहीत होतं."

"आधीपासून म्हणजे केव्हापासून?" काकांनी विचारलं, आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी चष्मा काढून पुसायला घेतला.

उत्तर लांबणार होतं. तिनं भार दुसऱ्या पायावर घेतला, हात दारात तसाच ठेवला, आणि ऐकू लागली.